इंदूर ते क्रूझ: औषध थंड ठेवणारा पाऊच, डबा, यूएसबी फ्रिज आणि केबिनमधला मिनीबार

आधी निकाल सांगून टाकतो. पाण्यात भिजवून वापरायचा क्रिस्टलचा पाऊच इंदूरच्या उन्हाळ्यात पैसे वसूल करतो आणि समुद्रावर पोचला की जवळपास निकामी होतो. थर्माकोलचा डबा आणि आइस पॅक ही जोडी नीट भरली तर सगळ्यांत भरवशाची, कशीबशी भरली तर सगळ्यांत घातक. यूएसबीवर चालणारा छोटा फ्रिज घेऊ नका. आणि केबिनमधला मिनीबार म्हणजे फ्रिज असं धरून चालू नका, त्यातली कोल्ड्रिंकची बाटली कितीही गार लागली तरी.

इंदूरहून क्रूझला जाणाऱ्याचा खरा प्रश्न जहाजावर सुरू होत नाही, घरच्या फ्रिजचं दार उघडल्यावरच सुरू होतो. अवंतिका एक्स्प्रेस संध्याकाळी इंदूरहून सुटते आणि पहाटे मुंबई सेंट्रलला टेकवते. पुढे बॅलार्ड पिअर जवळच आहे, पण बोर्डिंग दुपारच्या सुमाराला, आणि केबिन ताब्यात मिळेपर्यंत आणखी वेळ जातो. म्हणजे दुपारी चारला फ्रिजमधून काढलेलं औषध दुसऱ्या दिवशी दोन-तीनच्या आधी दुसऱ्या फ्रिजमध्ये जात नाही. बावीस ते चोवीस तास धरा. विमानाने गेलात तर हेच आठ-नऊ तासांत आटपतं. कुठलंही साधन घेताना ‘हे किती तास टिकतं’ हा प्रश्न या आकड्याला लावून विचारायचा. ‘दिवसभर थंड राहतं’ या दुकानदारी वाक्याला नाही.

मुळात तुम्हाला थंडावा हवाय किती?

इथेच पुष्कळ लोक नको तो खर्च करतात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं, हे बरोबर. पण वापरात असलेल्या इन्सुलिन पेनला फ्रिज लागत नाही. ग्लार्जिन या इन्सुलिनचं साधं, मिलीला १०० युनिटवालं पेन ३० अंशांच्या आत २८ दिवस चालतं, ३०० युनिटवालं ६ आठवडे, डेग्लुडेक हे दुसरं इन्सुलिन ८ आठवडे. तीन-चार रात्रींच्या क्रूझला एक चालू पेन आणि एक राखीव पेन नेणार असाल, तर राखीव पेनही ३० अंशांच्या आत ठेवून त्याच दिवसापासून मोजणी सुरू करता येते. मग २ ते ८ चा अट्टहासच उरत नाही. फक्त ऊन टाळलं की झालं.

काही औषधांना मात्र ही सवलत नाही किंवा फार थोडी आहे. हाडांच्या ठिसूळपणासाठी रोज टोचायचं टेरिपॅराटाईड सुरू केल्यानंतरही फ्रिजमध्येच राहतं, डोस घेतला की लगेच परत आत. संधिवातासाठी दिलं जाणारं मूळ अडालिमुमॅब २५ अंशांपर्यंत, अंधारात, जास्तीत जास्त १४ दिवस बाहेर चालतं. आपल्याकडे त्याच्या बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या मिळत्याजुळत्या आवृत्त्याच जास्त खपतात, म्हणून आपल्या खोक्यातला कागद उलगडून वाचा, दुसऱ्या ब्रँडचा आकडा याला लावू नका. काचबिंदूच्या लॅटानोप्रोस्ट थेंबांची बंद बाटली फ्रिजमध्ये, उघडलेली २५ अंशांपर्यंत बाहेर. २५ आणि ३० मधला फरक इंदूरमध्ये बसून लहान वाटतो. मुंबईच्या टॅक्सीत तो फार मोठा असतो.

लांबच्या क्रूझला, म्हणजे दोन-तीन आठवडे बाहेर राहणार असाल तर, न उघडलेला साठाही बरोबर असतो. खरी साधनं लागतात ती तेव्हा.

भिजवायचा पाऊच

ब्रिटनच्या फ्रिओ कंपनीने हा प्रकार जगभर नेला. आता त्याच धर्तीचे बिनब्रँडचे पाऊचही ऑनलाइन भरपूर मिळतात. आत कापडाच्या कप्प्यांत साबुदाण्याहून बारीक कोरडे क्रिस्टल शिवलेले असतात. थंड पाण्यात बुडवलं की पाच ते दहा मिनिटांत ते फुगून जेली होतात आणि चपटं पाकीट छोट्या गादीसारखं टम्म होतं. पाणी कापडातून हळूहळू उडत राहतं आणि आतलं औषध गार राहतं. माठाचंच तत्त्व, फक्त खांद्याला अडकवता येणारं. फ्रिओचा दावा असा की ३७.८ अंशांच्या हवेत आतलं तापमान किमान ४५ तास १८ ते २६ अंशांत राहतं.

हा दावा कोरड्या हवेला धरून वाचायचा. बाष्पीभवनाने किती थंडावा मिळेल याला हवेतल्या दमटपणाची मर्यादा असते. तापमान ४० आणि आर्द्रता २० टक्के असेल, म्हणजे आपल्या मे महिन्याची दुपार, तर ओलं कापड साधारण २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. राजवाड्याच्या चौकात भर दुपारी उभं राहूनही आतलं पेन सुखरूप. आता समुद्रावर या. हवा ३२ अंश, आर्द्रता ८० टक्के. इथे ओलं कापड २९ च्या खाली जाऊच शकत नाही, कुठल्याही कंपनीचं असो. ३० ची मर्यादा असलेल्या औषधाला एका अंशाची जागा उरली आणि २५ वाल्याला तर काहीच नाही. डेकवर खुर्चीला लटकवलेला पाऊच हाताला गार लागतो, कारण हात ३४-३५ अंशांचा असतो. त्या स्पर्शावर भरवसा ठेवू नका.

एसी डब्यात तो छान चालतो. २४ अंश आणि मध्यम आर्द्रतेत १७-१८ पर्यंत उतरायला वाव असतो. म्हणून इंदूर ते मुंबई हा टप्पा, आणि उन्हाळ्यात स्टेशनपर्यंतचा रिक्षाप्रवास, या दोन्हींसाठी आमची पहिली पसंती हाच.

वापरताना बिघडतं ते बहुतेक पाण्यापाशी. क्रिस्टल ज्या पदार्थाचे असतात त्याला खारं किंवा जड पाणी सोसत नाही. क्षार जितके जास्त तितकं फुगणं कमी. बोरिंगच्या पाण्यात भिजवलेला पाऊच अर्धवट फुगतो, लवकर सुकतो आणि दोन-चार वेळांनंतर कापडावर पांढरी पूड दिसू लागते. आरओचं पाणी घ्या. जहाजावर पुन्हा भिजवायचा असेल तर बेसिनचं किंवा बाटलीचं पाणी चालेल. किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यात बुचकळून काढण्याचा मोह मात्र टाळा.

दुसरी गडबड जास्त भिजवण्याची. पंधरा-वीस मिनिटं तसाच राहिला तर जेली इतकी फुगते की पेन आत सरकत नाही आणि जोर लावला की शिवण उसवते. पेन आधी आत घालून पाहा, किती जागा लागते ते लक्षात ठेवा, मग भिजवा. बाहेर काढल्यावर पंच्याने दाबून टिपा, वरचं पाणी गेलं की बाहेरच्या कव्हरमध्ये घाला. हा पाऊच ट्रॉलीबॅगेत कपड्यांखाली कोंबला तर हवाच लागत नाही आणि सगळा खटाटोप व्यर्थ. प्लास्टिकच्या पिशवीत, स्टीलच्या डब्यात, पर्सच्या बंद कप्प्यात तीच गत. फ्रीझरमध्ये तर कधीच ठेवू नका, आतलं पाणी गोठलं की पेनही गोठेल. बर्थच्या हुकाला लटकवा. शेव-चिवड्याच्या पिशवीशेजारी नको, ओल लागून शेव मऊ पडते आणि मग घरचे औषधालाच दोष देतात.

एक उणीव कुठल्याच जाहिरातीत ठळकपणे येत नाही: हा पाऊच ८ अंशांच्या खाली कधीच नेत नाही. टेरिपॅराटाईड किंवा महिन्याभराचा बंद साठा यासाठी तो नाहीच.

थर्माकोलचा डबा

आरएनटी मार्गावरच्या दवा बाजारात कोल्ड चेनचा, म्हणजे वाटेत सतत थंड ठेवावा लागणारा माल रोज थर्माकोलच्या जाड डब्यांतून येतो. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे ‘भैया, एक खाली डब्बा और चार आइस पैक रख देना’ एवढं आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर बरेचदा फुकटात काम होतं. मात्र डबा पारखून घ्या. भिंत किमान एक इंच जाड हवी. झाकण खाचेत बसणारं हवं, नुसतं वर टेकणारं नको. आतून बोट फिरवून कोपऱ्यांत तडा नाही ना ते बघा. ऑनलाइन मिळणाऱ्या सुबक कापडी ‘इन्सुलिन कूलर’ पिशव्यांची भिंत जेमतेम अर्धा सेंटिमीटर असते. चंदेरी अस्तर दिसायला छान, पण तेवढ्यावर रात्र निघत नाही.

आता हिशेब. एक इंची भिंतीचा, आतून साधारण २० बाय १५ बाय १५ सेंटिमीटरचा डबा एसी डब्यातल्या २४ अंशांत ताशी वीसेक किलोज्यूल उष्णता आत घेतो. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. ४०० ग्रॅमचे दोन पॅक म्हणजे तेरा-चौदा तास, चार पॅक म्हणजे सव्वीस-सत्तावीस तास. बाहेर ३५ अंश असतील तर यात एकतृतीयांशाहून जास्त घट धरा. रेल्वेने जाणाऱ्याला म्हणूनच चार पॅक लागतात. विमानाने जाणाऱ्याला दोन पुरतात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गार केलेली नुसत्या पाण्याची बाटली घालून डबा भरणारेही असतात. एक लिटर पाणी ५ वरून ८ अंशांवर जाताना जेमतेम साडेबारा किलोज्यूल शोषतं. म्हणजे एक तासही नाही.

आणि हाच बर्फ औषधाचा वैरी. उष्णतेपेक्षा आम्हाला या प्रवासात गोठण्याची धास्ती जास्त वाटते, कारण उष्णतेने इन्सुलिनची ताकद हळूहळू घटते, गोठल्यावर ते एका झटक्यात वाया जातं. घरच्या फ्रीझरमधला पॅक उणे १८ अंशांचा असतो. तो थेट पेनला चिकटला की काही वेळात आतलं इन्सुलिन गोठतं, मग पुन्हा वितळतं, आणि स्वच्छ दिसणाऱ्या ग्लार्जिनसारख्या इन्सुलिनमध्ये डोळ्यांना काही कळतही नाही. साखर चढल्यावरच कळतं.

लसीकरणाच्या दिवशी एएनएम ताई खांद्याला जो लस-डबा लावून येतात, त्यातली रीत उचलायची. पॅक फ्रीझरमधून काढून थेट भरायचे नाहीत. ओट्यावर एकमेकांना न टेकवता मांडून ठेवायचे. आधी त्यांच्यावर पांढरं हिम धरतं, मग ते ओघळतं, पॅक घाम आल्यासारखा ओला होतो. कानाजवळ धरून हलवला की आत पाणी डुचमळल्याचा आवाज यायला हवा. तो आवाज आला म्हणजे पॅक शून्य अंशावर आला. याला कंडिशनिंग म्हणतात. इंदूरच्या उन्हाळ्यात थोडक्यात आटपतं, डिसेंबरात बराच वेळ खातं, म्हणून घड्याळावर नाही, आवाजावर जायचं. हे पाण्याच्या पॅकबद्दल. जेलचा पॅक आवाज करत नाही, तो बोटाने दाबल्यावर कडेने मऊ लागला पाहिजे. त्यामुळे घरगुती कामाला आम्ही पाण्याचेच पॅक सुचवतो.

हल्ली ५ अंशांवर वितळणारे खास पॅकही मिळतात, पीसीएम नावाने. उत्तम वस्तू, महाग. पण ‘५ अंशांचा पॅक’ ऐकून लोक तो फ्रीझरमधून काढून तसाच डब्यात घालतात. फ्रीझरमधून निघताना तोही उणे १८ चाच असतो! त्यालाही बाहेर ठेवून वितळायला लागेपर्यंत थांबावं लागतं.

भरताना पॅक चारही भिंतींना उभे. मधे पुठ्ठ्याचा चौकोन किंवा सुती नॅपकिनची घडी. त्याच्या आत औषध, मूळ खोक्यात आणि झिपच्या पिशवीत, म्हणजे ओलीने लेबल सुटणार नाही. मोकळी जागा चुरगळलेल्या वर्तमानपत्राने भरा, पॅक घसरून औषधावर पडायला नकोत. झाकणाच्या सांध्यावर चिकटपट्टी गोल फिरवा. त्यानंतर विनाकारण उघडायचं नाही. रात्रीचा डोस ज्या पेनचा, ते पेन या डब्यात मुळात असूच नये.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे वायरवाला डिजिटल थर्मामीटर, कमाल-किमान लक्षात ठेवणारा. वायरचं टोक औषधाच्या खोक्याला टेकवून आत, पडदा बाहेर चिकटवलेला. वापरण्याआधी तपासून घ्या: चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी ग्लासात ढवळून टोक पाच मिनिटं बुडवा, आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. मीठ मिसळलेलं नको, मिठाने बर्फ शून्याखाली जातो. दीड दाखवत असेल तर तो दीड प्रत्येक वाचनातून वजा करा. किमान आकडा २ च्या खाली सरकू लागला तर एक पॅक काढून टॉवेलात गुंडाळा, पुठ्ठा दुहेरी करा. ही सगळी रंगीत तालीम निघायच्या आठवडाभर आधी रिकाम्या पेनांवर एकदा करून घ्या. कागदावरचा हिशेब आणि तुमच्या हातातला डबा यात फरक निघतोच.

विमानतळावर डबा हातातच. चेक-इन सामानात इन्सुलिन द्यायचं नाही: तिथे थंडी किती असेल आणि बॅग किती वेळ उन्हात पडून राहील, दोन्ही आपल्या हातात नसतं. अर्धवट वितळलेले पॅक सुरक्षा तपासणीत विचारणा ओढवतात. डॉक्टरांची चिठ्ठी, त्यात औषधाचं मूळ नाव इंग्रजीत आणि ‘थंड ठेवणे आवश्यक’ हा उल्लेख, एवढं असलं की सहसा अडत नाही.

यूएसबी फ्रिज

थोडक्यात सांगतो. हे खोके कॉम्प्रेसरवर चालत नाहीत, एका छोट्या चकतीवर चालतात. तिची एक बाजू गार होते, दुसरी तापते. बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंश खाली, हीच त्यांची झेप. ४० अंशांत आत २० ते २५. म्हणजे भिजवलेल्या पाऊचएवढंच, वर वीज खाऊन. एसी केबिनमध्ये उलट भीती: स्वस्त मॉडेलमध्ये थर्मोस्टॅट नसतो, तापमान २ च्या खाली गेलं तरी चकती थांबत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक कागदावर ७४ वॉट-तासांची, प्रत्यक्षात साठ मिळतात. दहा वॉटच्या खोक्याला सहा तास. विमानात पॉवर बँक वापरायला कित्येक कंपन्या मनाई करतात. मागचा पंखा कपड्याने झाकला गेला की गार बाजूही गरम होते. दिसायला गोंडस, भेट द्यायला बरी.

केबिन आणि जहाजाची सेवा

आता जहाज. पहिली गोष्ट, टर्मिनलवर सामान टॅग लावून घेतात आणि ते केबिनच्या दारात काही तासांनी येतं. औषधाचा डबा त्या सामानात दिलात तर आदल्या दिवसापासूनची सगळी मेहनत तिथेच पाण्यात. तो खांद्यालाच राहू द्या.

केबिनचा मिनीबार पेय गार ठेवण्यासाठी असतो. पुष्कळ जहाजांवर तो बिनकॉम्प्रेसरचा, म्हणजे १० ते १३ अंशांवर रेंगाळणारा. काही केबिनमध्ये उलट प्रकार: आत बर्फाचा छोटा कप्पा, आणि त्याच्या पत्र्याला टेकलेलं पेन सकाळपर्यंत गोठलेलं. म्हणून केबिनमध्ये शिरल्या शिरल्या थर्मामीटरचं टोक मधल्या फळीवर ठेवा, दार बंद करा आणि दोन-तीन तास डब्यातलं औषध डब्यातच राहू द्या. आकडा २ ते ८ मध्ये स्थिर दिसला तरच हलवा. पाण्याने भरलेल्या छोट्या बाटलीत टोक बुडवून ठेवलंत तर दार उघडझाप करताना आकडा उगाच नाचत नाही, औषधाला खरंच काय जाणवतंय ते कळतं.

आणखी दोन धोके. केबिनचे दिवे आणि काही सॉकेट दाराजवळच्या खाचेत कार्ड असेल तरच चालू राहतात. फ्रिज त्यावर आहे का, हे कार्ड काढून एकदा बघून घ्या. आणि केबिनची साफसफाई करणारा स्ट्युअर्ड नव्या, कोमट बाटल्या भरताना आतलं सगळं मागे सरकवतो. औषध एका झाकणाच्या प्लास्टिक डब्यात घाला, वर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत ‘मेडिसिन’ आणि केबिन नंबर लिहा, आणि त्याला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. डब्याचा दुसरा फायदा असा की जहाज डोललं तरी कुप्या फळीवरून घरंगळत नाहीत.

याहून बरी वाट म्हणजे बुकिंग करतानाच मेडिकल फ्रिज मागणं. मोठ्या क्रूझ कंपन्यांत खास गरजांच्या प्रवाशांसाठी वेगळा विभाग असतो आणि औषधासाठी छोटा फ्रिज केबिनमध्ये देण्याची सोय असते, पण संख्या मोजकी असते. ट्रॅव्हल एजंटला तोंडी सांगून ‘हो जाएगा’ या उत्तरावर निश्चिंत होऊ नका. ईमेल करायला लावा, उत्तराची प्रिंट जवळ ठेवा. विचारायचं काय? तापमान किती ते किती, कार्ड काढल्यावर वीज राहते का, आणि हे शुल्कात आहे की वर पैसे. जहाजावरच्या दवाखान्यातही औषध ठेवून घेतात, तिथला फ्रिज नेमका असतो. पण दवाखान्याची वेळ सकाळ-संध्याकाळ थोडे तास असते. आठवड्यातून एकदा टोचायच्या औषधाला हे उत्तम, रोज जेवणाआधीच्या इन्सुलिनला अगदीच गैरसोयीचं. बंद साठा दवाखान्यात, चालू पेन केबिनमध्ये, ही विभागणी आम्हाला सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

फ्रिज मिळालाच नाही तर? घाबरायचं कारण नाही. केबिन २२ ते २४ अंशांवर असते, तोच थर्माकोलचा डबा तिथे दिवसाला दीड किलो बर्फात चालतो. स्ट्युअर्डला सकाळ-संध्याकाळ बर्फाची बादली मागा. जहाजाच्या बर्फाचा एक फायदा आहे: तो बादलीत ओला, ओघळता येतो, म्हणजे आधीच शून्यावर असतो, कंडिशनिंगची भानगड नाही. दोन झिपच्या पिशव्यांत भरा, मधे पुठ्ठा ठेवाच.

चालू पेनची जागा टेबलाच्या खणात. बाल्कनीच्या काचेजवळ नको, पश्चिमेचं ऊन तिथे टेबलभर पसरतं. बाल्कनीचं दार उघडं राहिलं की कित्येक जहाजांवर एसी आपोआप बंद होतो, हेही ध्यानात असू द्या. पेनला सुई लावून ठेवायची नाही, गार-गरम होताना आत हवेचा बुडबुडा शिरतो आणि डोस कमी जातो. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या बादलीत टाकू नका, मागितल्यावर त्यासाठी कडक प्लास्टिकचा डबा देतात.

सॉकेटही बघून घ्या. बऱ्याच जहाजांवर ११० व्होल्टचं अमेरिकन आणि २२० चं युरोपीय अशी जोडी असते, आपली जाड तीन पिनांची प्लग दोन्हींत बसत नाही. ॲडॅप्टर न्या. सर्ज प्रोटेक्शनवाला एक्स्टेंशन बोर्ड मात्र बहुतेक कंपन्या चढतानाच काढून घेतात.

किनाऱ्यावर उतरताना

गोवा असो की कोची, उतरताना त्या दिवसाचं पेन आणि सुया एवढंच बरोबर घ्या, साठा जहाजावरच. पाऊच इथे अर्धामुर्धा उपयोगी: दमट सावलीत फार थंडावा नाही, पण बसच्या बंद काचेआड तो निदान तापमान एकदम चढू देत नाही. औषध बसमध्ये सोडून देऊळ बघायला जायचं नाही. उन्हात उभी असलेली बंद गाडी सहज ५० अंशांपलीकडे जाते. हॉटेलात जेवायला बसलात तर वेटरकडून बर्फाचा ग्लास घेऊन त्यात पेन उभं करणारेही दिसतात. ते करू नका, का ते वर आलंच आहे.

परत आल्यावर

परतीचा प्रवासही तेवढाच लांब, पण आता घरचा फ्रीझर जवळ नाही. पाण्याचे पॅक स्ट्युअर्डकडून आदल्या रात्री गोठवून मागता येतात, नाहीतर उतरायच्या सकाळी बर्फ भरून घ्या आणि मुंबई सेंट्रलला गाडीची वाट बघताना थर्मामीटरवर नजर ठेवा. बर्फ पाणी झाला असेल तर स्टेशनबाहेर पुन्हा भरता येतो.

घरी आल्यावर आधी थर्मामीटरची कमाल आणि किमान वाचा, मग बटण दाबून पुसा. पूर्ण प्रवास २ ते ८ मध्ये झाला असेल तर बंद औषध परत फ्रिजमध्ये, नेहमीच्या मुदतीवर. वर गेलं असेल तर ज्या दिवशी गेलं त्या दिवसाची तारीख मार्करने खोक्यावर टाका आणि २८ दिवस किंवा जो काही आकडा असेल तो तिथून मोजा. परत फ्रिजमध्ये ठेवल्याने ती मोजणी मागे जात नाही. किमान शून्याच्या खाली दिसला तर दिसायला स्वच्छ असलं तरी ते औषध टाकून द्या. ३०/७० सारखं गढूळ इन्सुलिन तळहातांत हलकेच दहा वेळा घोळवून उजेडात धरा: एकसारखं दुधाळ झालं पाहिजे. गुठळ्या राहिल्या किंवा काचेला आतून हिम धरल्यासारखा थर दिसला तर ते गेलं. पाऊच भिजलेला तसाच कपाटात टाकलात तर बुरशी धरते. कव्हर काढून सावलीत, पंख्याखाली चपटा पसरून ठेवा. क्रिस्टल पुन्हा खडखडीत व्हायला बरेच दिवस लागतात, पावसाळ्यात तर आठवडे.